बुडालेल्या नौकेपर्यंतची बुडी

भारतीय नौदलाच्या सेवेत १९८५ च्या अखेरीस दाखल झालेली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवार येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली. पोलंडमधील ग्दिनिया येथे बांधलेली, सुमारे ८४ मीटर लांबीची ही नौका रणगाडे व सैनिक थेट किनाऱ्यावर उतरविण्याचे काम करीत असे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या समुद्रात निवतीच्या खडकांजवळ ती विधिपूर्वक बुडवावी, तिच्या सांगाड्यावर सागरी जीवांची वस्ती होऊ द्यावी आणि प्रशिक्षित पाणबुड्यांबरोबर पर्यटकांना ती समुद्रतळी पाहता यावी, अशी ही योजना आहे. जुनी जहाजे भंगारात काढण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. जहाज जाणूनबुजून बुडविण्याची कल्पना मात्र प्रथमदर्शनी विचित्र वाटते.

या योजनेचा संबंध फक्त कोकणाशी आहे असे समजण्याचे कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव घ्या. पर्जन्यछायेतील हे गाव समुद्रापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. येथे पाणी म्हणजे विहीर, पाझर तलाव आणि उन्हाळ्यात टँकर. परंतु देशावरील अशा गावांतून दिवाळीनंतर शाळांच्या सहली, तरुण मंडळांच्या गाड्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे मालवण-तारकर्लीकडे जाऊ लागली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. किनाऱ्यावर उतरताच 'स्कूबा डायव्हिंग' अशा पाट्या दिसतात, थोड्या पैशांत समुद्राचा तळ पाहण्याचे आमंत्रण मिळते, आणि विहिरीत पोहण्यात पटाईत असलेला गडी साहजिकच पुढे सरसावतो. त्याच्या या पटाईतपणातच एक धोका दडलेला आहे. तो नेमका कोणता, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

विहीर आणि समुद्र

रिकामी घागर पालथी धरून विहिरीत खाली दाबली, तर ती आत जाण्यास कुरकुरते, कारण तिच्यात हवा कोंडलेली असते. ही घागर तशीच पालथी धरून दहा मीटर खोल नेता आली, तर आतील हवा आकसून निम्म्या जागेत मावेल आणि उरलेली अर्धी घागर पाण्याने भरेल. वीस मीटरवर हवा एक तृतीयांश होईल, तीस मीटरवर एक चतुर्थांश. पृष्ठभागावर आपल्या अंगावर वातावरणाचा एक दाब असतोच. पाण्याच्या दर दहा मीटर खोलीगणिक आणखी एक दाब त्यात मिळत जातो. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम माध्यमिक शाळेच्या विज्ञानात शिकविला जातो. त्याचे याहून सोपे प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल.

आता घागरीच्या जागी माणसाची छाती आहे असे समजा. पैज लावून विहिरीच्या तळाची माती वर आणून दाखविणारा पोहणारा काठावर छातीभर श्वास घेतो, तो रोखून धरतो आणि सूर मारतो. खाली जाताना त्याच्या फुप्फुसातील हवा आकसते व वर येताना ती पुन्हा पूर्वीइतकी होते. पूर्वीपेक्षा अधिक ती होऊच शकत नाही. म्हणून श्वास रोखणे हे त्याचे कौशल्य ठरते आणि लहानपणी पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकल्यापासून तेच त्याच्या अंगात मुरलेले असते.

स्कूबा साधन वापरणाऱ्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते. तो दहा मीटर खोलीवर असताना नळीतून जो श्वास घेतो, तो त्या खोलीच्या दाबाचा, म्हणजे दुप्पट दाटीचा असतो. असा भरलेला श्वास रोखून तो घाबरून वर झेपावला, तर छातीतील हवा वाटेत दुपटीने फुगू पाहते. फुप्फुसे तितकी ताणली जात नाहीत. ती फाटतात, आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूकडे जाऊ शकतात. यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. छाती पूर्ण भरलेली असेल, तर अवघ्या सव्वा-दीड मीटरची चढणही इजा करण्यास पुरेशी असते. त्यामुळे जगभरच्या पाणबुडे-प्रशिक्षणातील पहिला नियम एकच आहे : श्वास कधीही रोखू नये, तो सतत चालू ठेवावा. विहिरीने शिकविलेली सवय येथे प्रयत्नपूर्वक मोडावी लागते. ज्याला पोहता येत नाही त्याच्यापेक्षा ज्याला विहिरीत उत्तम पोहता येते, त्याला हा नियम दोनदा सांगण्याची गरज असते.

कानांचेही असेच. पडद्यामागील हवा आकसू लागली की कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की घशातून हवा आत जाऊन दाब सारखा होतो. दर मीटरभर उतरताना हे करावे लागते. सर्दी-पडशाने ही वाट बंद असेल त्याने त्या दिवशी काठावर बसणेच श्रेयस्कर.

पाठीवरची हवा

पाणबुड्याच्या पाठीवरील नळकांड्याला सर्रास 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हटले जाते. ते चूक आहे. त्यात गाळून, कोरडी करून दाबाखाली भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा परिणाम करू लागतो व झटके येऊ शकतात. या हवेचा पुरवठा खोलीच्या दाबाप्रमाणे आपोआप कमी-अधिक करणारे नियंत्रक यंत्र फ्रेंच नौदल अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी १९४३ मध्ये सिद्ध केले. तत्पूर्वीचे पाणबुडे पितळी शिरस्त्राण घालून, जहाजावरून येणाऱ्या नळीला बांधलेले असत. त्या बंधनातून माणूस सुटला तो या यंत्रामुळे.

ही हवा किती वेळ पुरते, याचा हिशेब विद्यार्थ्यांना घालण्याजोगा आहे. बारा लिटरचे नळकांडे २०० एकक दाबाने भरले, म्हणजे त्यात २,४०० लिटर हवा असते. त्यापैकी चतुर्थांश राखीव ठेवली, तर १,८०० लिटर हाती उरते. शांत मनुष्य मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो. म्हणजे पृष्ठभागावर ती ९० मिनिटे पुरेल. दहा मीटरवर प्रत्येक श्वास दुप्पट दाटीचा, म्हणून ४५ मिनिटे. वीस मीटरवर ३०. आणि तीस मीटरवर अवघी बावीस-तेवीस. मनुष्य घाबरला किंवा थंडीने कुडकुडू लागला, तर हा हिशेब आणखी निम्म्यावर येऊ शकतो. बुडालेल्या नौकेभोवती रेंगाळण्याचा मोह मोठा असतो, आणि अपघातांच्या मुळाशी बहुधा असाच काही मिनिटांचा मोह आढळतो.

हवेतील नायट्रोजनचा प्रश्न वेगळा आहे. तो श्वासाला उपयोगी पडत नाही, पण दाबाखाली रक्तात व चरबीत विरघळतो. तीस मीटरच्या आसपास तो मद्यासारखी धुंदी आणतो. वर येण्याची घाई केली, तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच जसे बुडबुडे उसळतात, तसे ते सांध्यांत व मज्जारज्जूत उसळतात. एकोणिसाव्या शतकात मोठ्या पुलांचे पाये दाबाखालील हवेच्या कोठ्यांतून खणताना मजूर अकस्मात लुळे पडू लागले, तेव्हा या विकाराची ओळख झाली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. पाणबुड्यांचे आजचे मनगटी संगणक त्याच विचाराचे वंशज आहेत. (त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन यांनीही पाण्याखालील श्वसनावर स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले. ते पुढे भारतात स्थायिक झाले, भारतीय नागरिक झाले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.) मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, हा आज सर्वसामान्य प्रघात आहे.

थंड पाण्यातील नौका

कोकणच्या समुद्राचे तापमान बहुधा २६ ते ३० अंशांच्या दरम्यान असते. तरीही अर्ध्या-पाऊण तासात अंगावर काटा येतो, कारण पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. उत्तर युरोप आणि कॅनडाच्या किनाऱ्यांवर तर पाणी पाच ते बारा अंशांवर असते आणि बुडालेल्या मासेमारी नौका पाहण्यासाठी तेथील पाणबुडे अशाच पाण्यात उतरतात. अशा पाण्यात अचानक पडलेला माणूस पहिल्या मिनिटात अनावर धापा टाकू लागतो. पुष्कळांचा बुडून मृत्यू गारठण्यापूर्वीच, या पहिल्या धापेसरशी पाणी छातीत गेल्याने होतो. तेथे पाणी आत न शिरू देणारा कोरडा पोशाख, जाड हातमोजे आणि टोपी अपरिहार्य असते. दाबातून सुटणारी हवा मुळातच थंड होत असल्याने नियंत्रकात बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि नळकांडे काही मिनिटांत रिकामे होऊ लागते. बोटांची जाणीव गेली की साधा बक्कल सोडविता येत नाही.

मग इतके हाल सोसून तेथे उतरायचे कशासाठी? थंड पाणी लाकूड राखते, हे त्याचे एक उत्तर. स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली आणि १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढण्यात आली. बाल्टिक समुद्राचे पाणी थंड आणि खारेपणाने कमी, म्हणून लाकूड पोखरणारा सागरी किडा तेथे जगत नाही. आपल्याकडे स्थिती वेगळी आहे. उबदार खाऱ्या पाण्यात हा किडा लाकडी तळाची काही वर्षांत चाळण करतो. कोकणातील नौका हंगाम संपताच किनाऱ्यावर ओढून त्यांच्या तळाला काजूच्या टरफलाच्या तेलासारखी तेले चोपडण्याची परंपरा पडली, ती या किड्यापायीच. बुडालेल्या लाकडी मच्छीमार नौकेचे आपल्या समुद्रात अखेर उरते ते लोखंड : इंजिन, नांगर, साखळी.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांना हाच अनुभव आला. सुंची खडकावर सापडलेल्या सतराव्या शतकातील पोर्तुगीजकालीन जहाजाचा लाकडी देह नाहीसा झाला होता. परंतु तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी यांवरून आफ्रिका, भारत व चीन यांना जोडणाऱ्या व्यापाराचे चित्र उभे करता आले. सेंट जॉर्ज खडकावरील एकोणिसाव्या शतकातील जहाजात बासेल मिशनच्या कारखान्यातील मातीची कौले आढळली. ही संशोधने चिकाटीने मोजमापे घेत झाली आहेत. हौशी पाणबुड्याने आठवण म्हणून एखादे भांडे उचलून आणले, तर त्या ठिकाणाचा पुरावा कायमचा पुसला जातो. म्हणून बुडालेल्या नौकेवरून काहीही उचलू नये, असा दंडक आहे.

गंजलेल्या सांगाड्यातील वस्ती

वाळूच्या सपाट तळावर एखादे कठीण शरीर येऊन पडले की तेथे जीवसृष्टीची पाळीपाळीने आवक सुरू होते. प्रथम शेवाळाचा थर धरतो. त्यावर शिंपले आणि कालवे चिकटतात. त्यांच्या आधाराने खेकडे व लहान मासे येतात, आणि मग त्यांना खाणारे तांबोशी व हेकरू कपारींत ठाण मांडतात. मच्छीमारांना हे कोणी शिकवावे लागत नाही. खडकाजवळ मासळी असते आणि खडकातच जाळे फाटते, ही दोन्ही सत्ये त्यांच्या रोजच्या व्यवहारातली आहेत.

फाटलेले जाळे मात्र तेथेच राहते. पूर्वीची सुती जाळी कुजत असत. आताची नायलॉनची जाळी कुजत नाहीत. बुडालेल्या नौकेवर अडकलेले असे बेवारस जाळे मालकाविना मासेमारी करीत राहते : मासे अडकतात, मरतात, त्यांना खायला आलेले खेकडे व कासवे अडकतात. एकेरी पारदर्शक धागा पाण्यात दिसतही नाही. त्यात पाणबुड्याची नळी किंवा पाय गुंतला, तर धडपड जितकी अधिक तितका गुंता वाढतो. त्यासाठीच पाणबुडे पायाला सुरी बांधतात व एकट्याने कधी उतरत नाहीत. नौकेच्या आत शिरणे हा तर स्वतंत्र प्रशिक्षणाचा विषय आहे. पोटऱ्यांच्या एका फटकाऱ्याने तळाचा गाळ उठतो आणि आलेली वाटही दिसेनाशी होते, म्हणून तेथे दोरी सोडत आत जावे लागते.

जहाज बुडविल्याने मासळी खरोखर वाढते काय, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते नव्या आसऱ्यामुळे नवी पैदास होते. इतरांच्या मते आजूबाजूला विखुरलेली मासळी तेथे गोळा होते एवढेच. दुसरे खरे असेल आणि त्या जागी मोकाट मासेमारी झाली, तर लाभाऐवजी हानीच व्हावयाची. त्यामुळे अशा जागेचे नियम आधी ठरवावे लागतात. बुडविण्यापूर्वी इंधन, तेल, विजेच्या तारा आणि विषारी रंग काढून जहाज स्वच्छ करावे लागते हे तर उघडच आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात १९७० च्या दशकात कृत्रिम प्रवाळभिंत म्हणून सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकण्यात आले. ते बांधणारे पट्टे तुटले, टायर वादळात इतस्ततः वाहिले आणि त्यांनी जिवंत प्रवाळच घासून काढले. ते उपसण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालू राहिले. चांगल्या हेतूने केलेल्या कामालाही अभ्यासाची जोड लागते, ती अशी.

मालवण परिसरात याला आणखी एक पदर आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र त्यात येतो. आपल्या मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. दरम्यान त्याच समाजातील कित्येक तरुण पर्यटकांना प्रवाळ दाखविणारे वाटाडे झाले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाची संस्था उभारली. तेथे सरावासाठी स्वतंत्र तलाव आहे. 'गुलदार'चा लाभ कोणाला होणार हे, वाटाडे, नाखवा आणि जाळे टाकणारा या तिघांनाही त्या जागेच्या व्यवस्थापनात कितपत स्थान मिळते, यावर बहुतांशी अवलंबून राहील. जहाज बुडविणे हा या कामातला सोपा भाग आहे.

सहल नेण्यापूर्वी

दि. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नौका उलटली व दोघांना प्राण गमवावे लागले. हा अपघात समुद्रतळी घडला नाही, तर परतीच्या नौकेत घडला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पाण्याखालच्या पंधरा मिनिटांबद्दल पालक शंभर प्रश्न विचारतात. नौकेत माणसे किती, अंगावर जीवरक्षक जाकीट आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. ते प्रथम विचारावे. मे महिन्याचा उत्तरार्ध हा पावसाळ्याच्या तोंडचा काळ असतो, समुद्र खवळू लागतो आणि गढूळ पाण्यात दिसतही काही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात चांगला.

प्रशिक्षण न घेतलेल्या पर्यटकाला वाटाड्या स्वतः धरून उथळ पाण्यात नेतो. बुडालेल्या नौकेपर्यंत जायचे असेल, तर रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केलाच पाहिजे. दमा, हृदयविकार, अपस्मार किंवा कानाचे दुखणे असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना पाण्यात उतरू नये. हे विकार लपविण्याकडे मुलांचा कल असतो, कारण सहलीत मागे राहणे त्यांना कमीपणाचे वाटते. दहा वर्षांखालील मुलांना समुद्रात बुडी मारण्याची परवानगी प्रशिक्षण संस्था साधारणतः देत नाहीत. वाटाड्याने उतरण्यापूर्वी हातांच्या खुणा शिकविल्या नाहीत, किंवा श्वास न रोखण्याविषयी एक शब्दही काढला नाही, तर पैसे परत मागून किनाऱ्यावर बसण्यात कमीपणा नाही. वर उंचावलेला अंगठा म्हणजे 'झकास' असे आपण समजतो. पाणबुड्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. सर्व ठीक असल्यास अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करावयाचे असते. एवढ्या एका खुणेच्या घोटाळ्याने किती बुड्या अर्ध्यावर संपल्या असतील, याची गणती नाही.

परतीच्या प्रवासाचाही विचार आधी करावा. बुडीनंतर शरीरात नायट्रोजन काही तास शिल्लक असतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो. म्हणून एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. उथळ पाण्यातील पंधरा मिनिटांच्या बुडीने फारसे बिघडत नाही. परंतु अभ्यासक्रमातील खोल बुड्या दुपारी आटोपून संध्याकाळी आंबोलीमार्गे सातशे मीटरच्या आसपास घाट चढायचा, आणि रात्रीच्या गाडीने अहिल्यानगर गाठायचे, हा बेत बदलावा. मालवणात मुक्काम करावा आणि घाट दुसऱ्या दिवशी चढावा.